चिझुरूचा टॉवेल कोणी उघडलाच नाही

चिझुरू ओचीला निवृत्त मी केलं. तिला न विचारता, तिला न सांगता, दुकानाच्या काउंटरमागे उभ्या उभ्या. गावात आता वेगवेगळ्या कहाण्या फिरतात. कोणी म्हणतं कारखानदार कामेइ-सानांचा गैरसमज झाला, कोणी म्हणतं तिच्या जोडीदारणीच्या कोचने घोळ घातला. सगळं खोटं. पहिलं वाक्य माझ्या तोंडून निघालं होतं, आणि ते का निघालं हे मला तेव्हाही ठाऊक होतं. म्हणून मीच सांगते.

मी तोमोए निशिओका. बंदराकडे उतरणाऱ्या रस्त्यावर खेळाच्या सामानाचं दुकान आहे ते माझं, आधी वडिलांचं होतं. शाळेच्या पोरांचे बूट, बेसबॉलचे हातमोजे आणि रॅकेटचं गटिंग, म्हणजे तारा ओढून बसवणं. गटिंगमध्ये माझा हात धरणारं या किनाऱ्यावर कोणी नाही. हे मी स्वतः सांगायला नको, पण सांगते.

चिझुरू आणि मी शाळेत एका जोडीत खेळायचो. आमच्याकडे जपानात शाळांमध्ये मऊ रबरी चेंडूचं टेनिस चालतं, आणि त्यात दोघींची कामं वाटलेली असतात. एक मागे राहून धावते, एक नेटपाशी उभी राहून मारते. मागे मी, नेटपाशी ती. म्हणजे घाम माझा आणि टाळ्या तिच्या. त्या खेळात चेंडू उजवीकडून येवो की डावीकडून, मारायचा तो रॅकेटच्या एकाच बाजूने. चिझुरूने ती सवय पुढे कडक चेंडूच्या टेनिसमध्येही सोडली नाही. सहा कोच झाले, सहाही जणांनी डोकेफोड केली, की बाई, डावीकडचा चेंडू दुसऱ्या बाजूने मारायचा असतो. ही कोपर वर उचलून, हात उलटा फिरवून त्याच बाजूने मारायची आणि म्हणायची, "पलीकडे गेला ना? मग?" आजही तिची रॅकेट माझ्याकडे येते तेव्हा एका बाजूच्या तारांवर चेंडूची पिवळी लव चिकटलेली असते आणि दुसरी बाजू कोरी करकरीत. मी डोळे मिटून सांगू शकते की ही तिची.

वरच्या शाळेच्या तिसऱ्या, म्हणजे शेवटच्या वर्षी, जूनमध्ये, आम्ही जिल्ह्याच्या स्पर्धेत हरलो. तिसऱ्या वर्षाच्या पोरी हरल्या की त्याच दिवशी निवृत्त होतात. हो, निवृत्त, हाच शब्द. सतराव्या वर्षी. मग लहान मुली ओळीत उभ्या राहतात, सगळ्यांनी मिळून लिहिलेला शुभेच्छांचा पुठ्ठा देतात, फुलं देतात, सगळ्या ढसाढसा रडतात, आणि दुसऱ्या दिवसापासून परीक्षेचा अभ्यास. कोणी विचारत नाही की तुला थांबायचंय का. मलाही कोणी विचारलं नाही. मी दोन्ही हातांनी फुलं घेतली, कमरेत वाकून नमस्कार केला आणि सगळ्यांपेक्षा मोठ्याने रडले.

चिझुरूने तिचा गुच्छ घेतला, बाकावर ठेवला आणि रॅकेट उचलून व्यायामशाळेमागच्या भिंतीकडे चालू लागली. थोड्या वेळाने तिकडून ठक्, ठक् आवाज यायला लागला. आम्हाला टेनिस शिकवणारे मियाके सर तावातावाने गेले. मी मागोमाग.

"चिझुरू, काय चाललंय?"

"सराव."

"अगं, आत्ता तुझा निरोप समारंभ झाला! तू निवृत्त झालीस."

"कोणी सांगितलं?" असं म्हणून तिने चेंडू पुन्हा भिंतीवर हाणला.

सर लालबुंद झाले. मला आठवतंय, मी हातात फुलं धरून उभी होते आणि मला तिचा भयंकर राग आला होता. इतक्या सुंदर रडण्यावर तिने पाणी ओतलं होतं. तिचा गुच्छ त्या बाकावर वाळून कोळ झाला, पण तिने तो उचलला नाही.

पुढची वीस वर्षं तिने काय केलं ते गावाला तोंडपाठ आहे. पहाटे कामेइ-सानांच्या कारखान्यात माशाच्या वड्या तळायला उभी राहायची, दुपारी सरावाला. दोन वर्षांत कडक चेंडूचं टेनिस शिकली आणि स्पर्धा खेळायला बाहेर पडली. एकेरीत तिची डाळ शिजली नाही. उंची बेताची, सर्व्हिस तर त्याहून बेताची. पण दुहेरीत नेटपाशी उभी राहिली की समोरच्यांच्या तोंडचं पाणी पळायचं. एकदा मेलबर्नच्या मोठ्या स्पर्धेत खेळली. सगळं गाव सकाळी माझ्या दुकानातल्या छोट्या टीव्हीसमोर जमलं होतं. एकावन्न मिनिटांत हरली. कामेइ-सानांनी आणलेल्या वड्या अजून गरम होत्या.

दुहेरीतल्या खेळाडूचं आयुष्य म्हणजे कायमचं स्थळ बघणं. स्पर्धेत प्रवेश मिळतो तो दोघींच्या रँकिंगची बेरीज करून. तुझा आकडा चांगला तर चार जणी विचारायला येतात, आकडा घसरला की तुझा फोन कोणी उचलत नाही. चिझुरूच्या तेवीस जोडीदारणी झाल्या. कोणी लग्न करून गेली, कोणी गुडघा धरून बसली, एक तर विमानतळावरूनच दुसरीबरोबर गेली. चिझुरू प्रत्येक वेळी शिव्या घालायची, नूडल्सचा मोठा वाडगा संपवायची आणि फोन घेऊन पुढची शोधायला बसायची. आणि दर वेळी गावी आली की माझ्या दुकानात यायची. रॅकेट टाकायची काउंटरवर. "तोमो, कर गं." पुढे ना कौतुक ना आभार.

यंदा तिला चोविसावी मिळाली. सुमिरे आराकी, वय एकवीस, मागून खेळणारी, पाय हरणाचे. या पोरीचा आकडा चांगला होता. तिच्यामुळे ऑक्टोबरातल्या ऑस्ट्रेलियाच्या चारही स्पर्धांत दोघींना प्रवेश मिळणार होता. सदतिसाव्या वर्षी चिझुरूचा स्वतःचा आकडा इतका घसरला होता की सुमिरे नसती तर तिला कुठेच कोणी दारात उभं केलं नसतं. एका सुमिरेवर सगळं होतं.

सुमिरेला एकच वाईट खोड. चेंडू नेटमध्ये गेला की "सॉरी", बाहेर गेला की "सॉरी", चिझुरूची चूक झाली तरी "सॉरी". आमच्या सगळ्या पोरी अशाच. चिझुरूने पहिल्याच दिवशी तिला सुनावलं, "तू माफी मागतेस तेवढ्यात पुढचा चेंडू येतो. माझ्यासोबत खेळायचं तर माफी बंद."

"सॉरी," सुमिरे म्हणाली.

ऑगस्टमध्ये चिझुरू गावी आली आणि उन्हातान्हात दारोदार हिंडून तिने टॉवेल वाटले. तिच्या पाठीराख्यांच्या मंडळात पन्नासेक घरं आहेत, एकही सोडलं नाही. पांढऱ्या कागदात नीट गुंडाळलेलं पुडकं, वर तिचं आडनाव. माझ्या दुकानात आली तेव्हा मी गिऱ्हाइकाच्या पायात बूट घालत होते. "हा घे," म्हणाली, काउंटरवर ठेवला आणि गेली.

आता आमच्याकडे माणूस नवीन राहायला आला की शेजाऱ्यांना टॉवेल देतो, सांभाळून घ्या म्हणून. आणि नोकरी सोडून, गाव सोडून निघाला तरी टॉवेल देतो. दोन्ही रीती मला माहीत होत्या. तासाभराने कामेइ-सान आले. कारखाना त्यांचा आणि चिझुरूच्या मंडळाचे अध्यक्षही तेच. हातात तेच पुडकं.

"तोमोए-सान, तुम्हालाही मिळाला? कशाबद्दल असेल हो?"

मी म्हणाले, "सदतीस वर्षांची झाली ती. थांबत असेल."

बस्. एवढंच. कामेइ-सानांचे डोळे भरून आले.

"तुम्हाला म्हणाली तसं?"

"असं कोणी तोंडाने म्हणतं का?"

"खरंय, खरंय. आणि आपण विचारायचं तरी कसं? बिचारीला अवघड होईल." त्यांनी रुमालाने नाक पुसलं. "सप्टेंबरात मात्सुयामाला स्पर्धा आहे, तिथेच शेवट करत असणार. घरच्या लोकांसमोर. काय शोभून दिसेल!"

संध्याकाळपर्यंत ते गावभर झालं. एकाने जरी तिला विचारलं असतं, की बाई गं, हा टॉवेल कशाचा, तर गोष्ट तिथेच संपली असती. पन्नास घरांत एकालाही ते जमलं नाही. उलट ती रस्त्यात दिसली की लोक डोळे टिपत वाकून नमस्कार करायचे आणि ती मला विचारायची, "काय झालंय गं सगळ्यांना? कोणी गेलं का?" मी म्हणायचे, उन्हाळा फार आहे.

कामेइ-सानांनी मोठा कापडी फलक करून घेतला: "चिझुरू ओची, प्रदीर्घ खेळीबद्दल गाव तुमचं ऋणी आहे." गुच्छ सांगितला. आणि मोठ्या मनाने सुमिरेच्या कोचलाही फोन केला, की शेवटच्या स्पर्धेत आमच्या मुलीला सांभाळून घ्या. कोच काय, त्याने आभार मानले, फोन ठेवला आणि सुमिरेसाठी दुसरी जोडीदार बघितली. ऑस्ट्रेलियाच्या स्पर्धांसाठी. त्यानेही चिझुरूला कळवलं नाही. जाणाऱ्या माणसाला कशाला दुखवा!

मात्सुयामाच्या स्पर्धेत गटिंगचं काम माझ्याकडे होतं. कोर्टाच्या जाळीबाहेर तंबू, त्यात माझं मशीन. मंगळवारी सकाळी चिझुरू स्टुलावर बसून भाताचा गोळा खात होती. तेवढ्यात सुमिरे रॅकेट न्यायला आली. चिझुरूला बघून थबकली आणि एकदम कमरेतून वाकली.

"ओची-सान, तुमच्या निवृत्तीनंतर मी हायाशिदा-सानबरोबर ऑस्ट्रेलियाला जाणार आहे. आधी सांगायला हवं होतं. माफ करा!"

चिझुरूचा घास तोंडातच राहिला. "माझ्या कशानंतर?"

सुमिरे वाकलेलीच. मी मशीनमध्ये डोकं खुपसलं.

"अगं, माझ्या कशानंतर?"

"नि... निवृत्तीनंतर."

पाच मिनिटांत सगळं बाहेर आलं. फलक, गुच्छ, पहिल्या सामन्यानंतरचा समारंभ. पहिल्या सामन्यात समोर अव्वल मानांकित जोडी होती, त्यामुळे समारंभ त्याच दिवशी होणार हे सगळ्यांनी धरून चाललेलं. चिझुरू उठली आणि तरातरा प्रेक्षकांच्या बाकांकडे गेली. कामेइ-सान तिथे फलकाच्या दोऱ्या मोजत होते. मला तंबूतून सगळं ऐकू येत होतं, कारण ती ओरडतच होती.

"कामेइ-सान, मी निवृत्त होत नाहीये!"

कामेइ-सानांनी डोळे मिटून मान डोलावली. "समजलं. समजलं हो."

"काय समजलं?"

"तुमचा स्वभाव मला ठाऊक आहे. लोकांना उगाच त्रास नको म्हणून म्हणताय."

"मी खरंच थांबत नाहीये! टॉवेल नाही का बघितलात?"

"बघितला म्हणजे? देव्हाऱ्यात ठेवलाय, वडिलांच्या फोटोशेजारी."

"उघडला नाही?"

"असा कसा उघडू!" कामेइ-सानांना पुन्हा भरून आलं. "ती तुमची आठवण आहे."

ती कोचकडे गेली. कोच म्हणाला, हायाशिदाच्या लोकांना शब्द दिलाय, आता मागे घेणं बरं दिसत नाही, तसं जोड्यांची नावं शुक्रवारी दुपारी दोनपर्यंत बदलता येतात, पण एवढा खटाटोप कशाला. असं म्हणून हसलासुद्धा. चिझुरू परत आली तेव्हा मानेवरच्या शिरा ताठ झालेल्या. रॅकेट माझ्यासमोर आपटली.

"तोमो, तू तरी उघडलास ना टॉवेल?"

"दुकानात गर्दी होती गं," मी म्हणाले.

तिने माझ्याकडे बघितलं. "तारांचा ताण दोन पौंडांनी वाढव," म्हणाली. "यांना समजावत बसायला मला वेळ नाही. आधी जिंकून ती फुलं सुकवते."

आणि तो सामना तिने जिंकला. मानांकित जोडीला तिचा उलटा हात कळेचना. चेंडू तिच्या डावीकडे मारला की हातातून निसटल्यासारखा भलतीकडेच जाऊन पडायचा. दहा गुणांच्या टायब्रेकमध्ये शेवटचा चेंडू तिने समोरच्या थोराड पोरीच्या पायात मारला. कामेइ-सान टाळ्याही वाजवत होते आणि फलकाची गुंडाळीही करत होते. गुच्छ परत गावी नेऊन कारखान्याच्या शीतगृहात ठेवला, माशांच्या पाट्यांशेजारी.

त्या संध्याकाळी मी गावी परतून दुकान उघडलं आणि काउंटरखालचं पुडकं काढलं. कागद सोडवला. पांढरा टॉवेल, कडेला संत्र्याच्या रंगाची पट्टी आणि कोपऱ्यात भरतकामात दोन नावं: ओची, आराकी. खाली बारीक अक्षरात: नवी जोडी, सांभाळून घ्या.

मी ते दोनदा वाचलं. पन्नास घरांत, पन्नास देव्हाऱ्यांत आणि कपाटांत हेच पडून होतं.

तुम्ही म्हणाल, मग लगेच सांगायचंस. नाही सांगितलं. बुधवारी सांगितलं नाही, गुरुवारी सांगितलं नाही. टॉवेल रोज पिशवीत घालून नेत होते आणि रोज परत आणत होते. कारण सांगायचं म्हणजे मी ते वाक्य का बोलले तेही सांगावं लागलं असतं. आणि ते मला पक्कं माहीत होतं. मला ती थांबायला हवी होती. वीस वर्षं ती रॅकेट आणून टाकत होती आणि वीस वर्षं मी त्या एका बाजूच्या तारा बदलत होते. ती खेळत राहिली तोवर सतराव्या वर्षी मी का थांबले या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. ती थांबली की आम्ही दोघी सारख्या. इतकी हलकट गोष्ट होती ती.

गुरुवारी त्या आणखी एक सामना जिंकल्या. गुच्छ पुन्हा शीतगृहात. सुमिरे एव्हाना "सॉरी"च्या "सॉ"वर थांबायला शिकली होती. शुक्रवारी उपांत्य सामना. सकाळपासून भट्टीसारखं ऊन, बाकांवर सगळं गाव. पहिला सेट त्यांचा, दुसरा यांचा, टायब्रेकमध्ये आठ-आठ. चिझुरूची एक व्हॉली, हवेतल्या हवेत मारलेली, बोटभर बाहेर गेली. पुढच्या चेंडूवर समोरच्यांनी तिच्या डोक्यावरून उंच मारला, सुमिरे जीव तोडून मागे धावली, रॅकेट पोचली नाही. संपलं. दहा-आठ.

चिझुरूने रॅकेट काखेत धरली, समोरच्यांशी हात मिळवले, कोर्टाला नमस्कार केला. आणि तेवढ्यात जाळीवर तो फलक उलगडला. कामेइ-सान कडक काळ्या सुटात, घामाने निथळत, दोन्ही हातांत गुच्छ घेऊन आत आले. टाळ्या. बायका रडायला लागल्या. दुपारचा पाऊण वाजला होता.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. कामेइ-सानांवर नाही, गावावर नाही. डोळ्यांसमोर ते शाळेचं मैदान आलं आणि हातात फुलं धरून गळा काढणारी मी. हातातला चिमटा टाकला, पिशवी उचलली आणि जाळीचं दार ढकलून आत गेले. दुकानातल्या चपला घालून, कोर्टावर. वीस वर्षांत मी त्या रेषांच्या आत पाऊल टाकलं नव्हतं. पंच ओरडले, "अहो, चपला! चपला!" मी चपला काढून तिथेच टाकल्या, अनवाणी फलकापर्यंत गेले आणि खालची कड धरून ओढला. एक दोरी तुटली. फलक अर्धा खाली लोंबायला लागला.

"तोमोए-सान!" कामेइ-सान किंचाळले.

"हिने कोणाला सांगितलं की ती थांबतेय?" मी विचारलं. "सांगा ना! एकाने तरी हिच्या तोंडून ऐकलं?"

कामेइ-सानांनी बाकांकडे वळून बघितलं.

"माझ्या तोंडून ऐकलंत. मी बोलले. मलाही तिने सांगितलं नव्हतं. मी ठरवलं. कारण मला ते हवं होतं!" मी फलकाची लोंबती कड सोडून दिली. "मी सतराव्या वर्षी थांबले, तुम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्यात. ही थांबली नाही याची मला वीस वर्षं पोटदुखी होती. आणि हे बघा तुमच्या देव्हाऱ्यातलं." मी टॉवेल पिशवीतून काढून कामेइ-सानांच्या नाकासमोर धरला. "वाचा. मोठ्याने वाचा."

त्यांनी चष्मा वर केला. "ओची... आराकी. नवी जोडी..." पुढचं त्यांना वाचवलं नाही. ते गुच्छासकट बाकावर बसले. "आणि मी वडिलांच्या फोटोशेजारी..."

चिझुरूने त्यांच्या हातातला गुच्छ काढून घेतला. वास घेतला, नाक मुरडलं. मग माझ्यासमोर येऊन उभी राहिली आणि दोन्ही हातांनी तो माझ्यापुढे धरला, अगदी रीतसर.

"घे."

"मला कशाला?"

"तू घे गं. तुला घ्यायची सवय आहे."

कोणी थोबाडीत मारली असती तर परवडलं असतं. सगळं गाव बघत होतं. माझे हात खरंच पुढे गेले होते. गुच्छ माझ्या हातात आला, गार, माशाचा भपका मारणारा. आणि मग मी तो नेऊन बाकावर ठेवला, कामेइ-सानांच्या शेजारी. ठेवला आणि वळले.

सुमिरे सर्व्हिसच्या रेषेवर उभी होती, तोंडावर घामाने केस चिकटलेले. मी तिच्यासमोर गेले. जे ऑगस्टमध्ये पन्नास घरांपैकी एकालाही सुचलं नाही, तेवढंच केलं.

"सुमिरे, तुला कोणाबरोबर खेळायचंय?"

तिने कोचकडे बघितलं. कोच जाळीपलीकडून मान हलवत होता, की नाही, नाही, आता नको.

"त्याच्याकडे नको बघूस. तुला विचारतेय."

"मला..." ती थांबली. "मला कोणी विचारलंच नव्हतं."

"आत्ता विचारलं. एक वाजायला आलाय. दोन वाजता नावं बंद होतील."

चिझुरू रॅकेटच्या तारा बोटांनी सारख्या करत खाली बघत उभी होती. मला वाटलं ही काहीतरी बोलेल, पोरीला ओढेल आपल्याकडे. नाही. त्याच सरळ तारा ती पुन्हा पुन्हा सरळ करत राहिली.

सुमिरेने पिशवीतून फोन काढला. कोच दहा पावलांवर होता, तरी तिने त्याला फोन लावला. तोंडावर बोलायचं धैर्य झालं नसावं. त्याने चक्रावून उचलला.

"कोच, मी ओची-सानबरोबर जाणार. नाव बदला." पलीकडून तो काहीतरी बोलत राहिला, आणि तो हातवारे करताना आम्हाला समोर दिसतच होता. सुमिरेच्या ओठांवर ते आलं, सवयीने, "सॉ..." आणि तिने ते गिळलं. "नाही. माफी मागत नाहीये मी. सांगतेय. हायाशिदा-सानना मी स्वतः भेटून सांगेन."

बाकांवरून कोणीतरी एकाने टाळी वाजवली. मग कामेइ-सान उठले, उरलेली दोरी स्वतःच्या हाताने सोडली आणि फलकाची घडी घालत म्हणाले, "मागची बाजू कोरी आहे. रंगवता येईल." त्यांचा आवाज अजून रडका होता.

एक वाजून वीस मिनिटांनी नाव बदललं गेलं. सुमिरे धावत आली आणि फोनचा पडदा दाखवला. चिझुरूने वाचलं, "हं," म्हणाली आणि पाण्याची बाटली तोंडाला लावली. ती माझ्याशी बोलेल असं मला वाटत नव्हतं, आणि माझी तक्रारही नव्हती. मी चपला हातात घेऊन तंबूकडे निघाले.

"तोमो."

मी वळले.

"ऑस्ट्रेलियाला जायला तीन आठवडे आहेत. सुमिरे रविवारनंतरच येणार. उद्या सकाळी सहाला शाळेच्या मागची कोर्टं मोकळी असतात. मला समोर कोणीतरी मारायला हवंय." तिने बाटलीचं झाकण लावलं. "येशील?"

तिने मला विचारलं. वीस वर्षांत तिनेही मला कधी खेळायला येशील का असं विचारलं नव्हतं.

"माझ्याकडे रॅकेट नाही," मी म्हणाले.

"दुकानात साठ टांगल्यात."

"मला व्हॉली येत नाही."

"तुला कधीच येत नव्हती. मागे उभी राहा."

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मी तिथे होते. चेंडू जड लागत होता आणि पहिले सात मी नेटमध्ये घातले. आठव्याला मी तोंड उघडलं, तर पलीकडून चिझुरू ओरडली, "माफी मागितलीस तर याद राख!"

मी पुढचा चेंडू उचलला आणि मारला.